घरच्या कॉम्प्युटरला फुकटचा अँटीव्हायरस : कोणता घ्यावा?



घरात नवा-जुना लॅपटॉप आला, की पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, "मॅडम, फुकटातला चांगला अँटीव्हायरस सांगा ना." खाली लगेच चार नावं येतात, पाचवा कुणीतरी लिंक टाकतो आणि सहावा म्हणतो, "काही गरज नाही, उगाच कॉम्प्युटर स्लो होतो." विचारणारा बिचारा गोंधळतो आणि शेवटी जी लिंक आधी उघडेल ती डाऊनलोड करून मोकळा होतो. आज या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण मी स्वतः याची किंमत मोजली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या सत्राच्या नोंदी पूर्ण करून, चौथीच्या ३१ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी, आकारिकची गुणपत्रकं, सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये घेऊन मी प्रिंट काढायला एका दुकानात गेले. प्रिंट अर्ध्याच निघाल्या, वीज गेली, घरी आले. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकटचं बाण असलेलं चित्र! मी सवयीने त्यावर दोनदा क्लिक केलं आणि तो व्हायरस माझ्या लॅपटॉपमध्येही शिरला. ओळखीच्या एका जाणकाराने फोनवर सांगितलं, "फॉरमॅट मारा, दुसरा उपाय नाही." मी मारला. पुढच्या दोन रात्री जागून सगळ्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. नंतर कळलं, की हा 'शॉर्टकट व्हायरस' बहुतेक वेळा फाइल्स पुसतच नाही, फक्त लपवतो. लपवलेल्या फाइल्स दाखवण्याची सेटिंग चालू केली असती, तर सगळं तिथेच होतं. म्हणजे माझं काम व्हायरसने नाही, मीच पुसलं!

आणि त्या लॅपटॉपमध्ये अँटीव्हायरस नव्हता असं नाही. चक्क दोन होते. एक दुकानदाराने टाकून दिलेला, ज्याची मुदत संपून सहा महिने झाले होते, आणि दुसरा मी स्वतः टाकलेला फुकटचा. दोघे घड्याळाशेजारी चिन्ह दाखवत बसले होते, काम मात्र कुणीच केलं नाही.

हे असं का होतं ते कळायला अँटीव्हायरस काय करतो हे थोडक्यात पाहू. शाळेच्या गेटवर शिपाईमामा आहेत आणि त्यांच्याकडे चोरांच्या फोटोंची वही आहे असं समजा. आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ते वहीशी ताडून पाहतात. अँटीव्हायरसकडे अशीच ओळखखुणांची यादी असते. रोज नवे व्हायरस निघतात, म्हणून ही यादी रोज, काही वेळा दिवसातून अनेकदा, इंटरनेटवरून नवी होते. मुदत संपलेल्या अँटीव्हायरसची वही जुनीच राहते. पण नुसत्या वहीवर भागत नाही, कारण चोर वेष बदलून येतो. म्हणून चांगले शिपाईमामा वागणूकही पाहतात. चेहरा अनोळखी आहे, पण हा माणूस एकेका वर्गाच्या दाराला नवं कुलूप लावत का सुटला आहे? असं दिसलं की त्याला धरायचं. तिसरी पद्धत अलीकडची आहे. शंका आली की अँटीव्हायरस कंपनीच्या दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारतो, "असा कुणी तुमच्याकडे दिसला का?" यालाच क्लाउड संरक्षण म्हणतात.

आता गेटवर दोन शिपाईमामा उभे केले तर? ते एकमेकांनाच अडवतात. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांच्या याद्यांवर संशय घेतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो. म्हणून पक्का नियम, कायम जागा राहणारा अँटीव्हायरस एकच ठेवायचा.

मग तो कोणता? इथे अनेकांना आश्चर्य वाटेल. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर तो आधीपासूनच तुमच्या घरात आहे. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. वेगळे पैसे नाहीत, मुदत संपत नाही, की टाकायला लागत नाही.

पूर्वी हे खरं नव्हतं. विंडोज ७ मध्येही डिफेंडर नावाची गोष्ट होती, पण ती फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडायची. पूर्ण अँटीव्हायरस हवा असेल, तर मायक्रोसॉफ्टचाच 'सिक्युरिटी एसेन्शियल्स' २००९ पासून वेगळा डाऊनलोड करावा लागायचा. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या पोटातच आला. "कॉम्प्युटर घेतला की पहिलं काम अँटीव्हायरस" हा सल्ला त्या जुन्या काळात बरोबरच होता. तो अजून तोंडोतोंडी चालू आहे इतकंच.

डिफेंडर चालू आहे का ते आत्ताच पाहा. हे वाचून झाल्यावर पाहू म्हणाल तर राहून जाईल. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा. उघडलेल्या खिडकीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' निवडा. तिथे तीन गोष्टी बघायच्या. अँटीव्हायरस म्हणून कुणाचं नाव दिसतं, 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे का, आणि यादी शेवटची कधी नवी झाली ती तारीख. तारीख आठ-पंधरा दिवसांपूर्वीची असेल, तर नेट जोडून 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. दुसऱ्याच कुठल्या मुदत संपलेल्या कंपनीचं नाव दिसलं, तर तो प्रोग्रॅम सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीतून काढून टाका आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. जागा रिकामी झाली की डिफेंडर आपोआप कामावर येतो. आलाय ना, हे मात्र तीच खिडकी उघडून पाहायचं.

"पण फुकटचा आणि आयता मिळालेला, तो कितपत चांगला असणार?" हा प्रश्न रास्त आहे. याची परीक्षा घेणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. जर्मनीत माग्डेबुर्ग शहरात एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक इथे एव्ही-कम्पॅरेटिव्हज. एव्ही-टेस्टची पद्धत तर आपल्या गुणपत्रकासारखीच आहे. संरक्षण, कॉम्प्युटरचा वेग आणि वापरण्यातली सोय असे तीन विषय, प्रत्येकाला ६ गुण, एकूण १८. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर तिथे वरच्या वर्गात पास होत आला आहे आणि पैकीच्या पैकी गुणही त्याने अनेकदा मिळवले आहेत. हे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. यूट्यूबवरच्या 'टॉप टेन'पेक्षा ते पाहिलेले बरे, कारण अशा व्हिडिओंखालच्या लिंकवर अनेकदा कमिशन असतं.

डिफेंडरची एक कमजोरी मात्र सांगितली पाहिजे, विशेषतः वाडीवस्तीवरच्या आपल्या शिक्षकांना. तो त्या तिसऱ्या पद्धतीवर, म्हणजे क्लाउडवर, बराच अवलंबून असतो. एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांत इंटरनेट बंद ठेवून त्याला तपासलं, तेव्हा त्याची पकड बऱ्यापैकी सैल झालेली दिसली आहे. ज्यांच्याकडे रेंज येते-जाते आणि फाइल्स पेन ड्राइव्हनेच फिरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह नेट चालू असतानाच लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट का असेना. 'धिस पीसी' मध्ये त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करून आधी स्कॅन करा आणि मगच उघडा.

आता बाहेरच्या कंपन्यांचे फुकटचे अँटीव्हायरस. अव्हास्ट आणि एव्हीजी ही नावं आपल्याकडे सर्वांत ओळखीची. दोन्ही मूळ चेक देशातली. २०१६ मध्ये अव्हास्टने एव्हीजी विकत घेतली, २०२२ मध्ये अव्हास्ट नॉर्टनवाल्यांबरोबर एक झाली, आणि अविराही त्याच घरात आहे. म्हणजे "अव्हास्ट घेऊ की एव्हीजी की अविरा" या चर्चेत आपण एकाच दुकानातल्या तीन बरण्यांमधून निवडत असतो. पकडण्याच्या बाबतीत ते चांगले आहेत, यात शंका नाही. त्रास आहे तो सारख्या उगवणाऱ्या खिडक्यांचा. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतक्या अडचणी सापडल्या, आता पैसे भरा." घरातली आजी किंवा पाचवीतला मुलगा ते वाचून घाबरतो.

आणि फुकटची खरी किंमत कळायची असेल, तर अव्हास्टचीच गोष्ट वाचा. जम्पशॉट नावाची तिची एक उपकंपनी होती. अव्हास्ट वापरणारे लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात, ही माहिती या कंपनीमार्फत विकली जात होती. दोन वृत्तसंस्थांनी मिळून शोध घेतला, ते उघड झालं आणि जानेवारी २०२० मध्ये अव्हास्टने जम्पशॉट बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकायला बंदी घातली. राखणदारच घरातल्या गप्पा बाहेर सांगत होता! माझ्या मते हे प्रकरण आता मागे पडलं आहे, पण फुकटचा कुठलाही प्रोग्रॅम टाकताना 'माहिती शेअर करू का' अशी चौकट आली, की तिथली खूण काढायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

बिटडिफेंडर ही रुमानियाची कंपनी. तिची फुकटची आवृत्ती शांत आहे, त्यासाठी ईमेलने खातं मात्र काढावं लागतं. डिफेंडरशिवाय दुसरा काही हवाच असेल, तर मी हा सुचवेन. कॅस्परस्कीचीही फुकटची आवृत्ती आहे आणि चाचण्यांत ती वर असते. पण कंपनी रशियाची असल्यामुळे अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी आपल्याकडे लागू नाही. घ्यायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मालवेअरबाइट्सची गोष्ट वेगळी आहे. त्याची फुकटची आवृत्ती सुरुवातीचे काही दिवस संपले, की पहारा देत नाही, आपण सांगू तेव्हाच तपासते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं तशी ती अधूनमधून वापरायला चांगली, एकटीवर विसंबून राहायला नाही.

"आणि आपला क्विक हील?" हो, तो आपल्या पुण्याचा. काटकर बंधूंनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून उभी केलेली कंपनी, अभिमान आहेच. पण तो फुकटचा नाही, फक्त काही दिवस वापरून पाहायला मिळतो. कुणी "माझी की टाका तुमच्यात" म्हणालं, तर नको म्हणा. कुठलाही विकतचा अँटीव्हायरस 'क्रॅक' करून वापरणं म्हणजे चोराकडून कुलूप विकत घेण्यासारखं आहे. क्रॅकच्या सूचना कधी वाचल्यात का? पहिलीच ओळ असते, "आधी अँटीव्हायरस बंद करा." का बरं बंद करायला सांगत असतील?

आपल्या सरकारकडूनही फुकट मदत मिळते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू झालं. 'सीएसके डॉट गव्ह डॉट इन' या पत्त्यावर क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांनी बनवलेली सफाईची साधनं मिळतात. तिथेच सी-डॅकचं 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं साधनही आहे, जे पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवतं. सफाईचं साधन म्हणजे पहारेकरी नव्हे. कॉम्प्युटर बिघडल्यासारखा वाटला तर ते वापरायचं. अशाच वेळी विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तेही करून पाहा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत साधारण पाव तासात तपासणी होते. हट्टी व्हायरस त्यात सापडतात. आधी उघड्या फाइल्स सेव्ह करा म्हणजे झालं.

पालकांसाठी एक गोष्ट मला अँटीव्हायरसपेक्षाही महत्त्वाची वाटते. मुलाला कॉम्प्युटरवर वेगळं खातं काढून द्या, आणि ते 'स्टँडर्ड' प्रकारचं ठेवा, 'अॅडमिनिस्ट्रेटर' नको. मग तो फुकटची गेम किंवा गेमचा 'मॉड' उतरवून टाकायला गेला, की बऱ्याच वेळा कॉम्प्युटर तुमचा पासवर्ड मागतो. तो तुमच्याकडे येतो, तुम्ही दोघं मिळून बघता. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या, त्यांत गेमच्या नावाखाली उतरवलेली फाइल हेच कारण सगळ्यात जास्त वेळा होतं. मुलाला रागावू नका, आपणही 'फ्री' लिहिलेलं दिसलं की क्लिक करतोच.

शिक्षकांच्या लॅपटॉपवर तर दुसऱ्यांची मुलं असतात. जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी बँक खात्यांचे क्रमांक, यू-डायस आणि सरलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले. हल्लीचे बरेच व्हायरस काही बिघडवत नाहीत, गुपचूप ब्राउझरमधले पासवर्ड उचलून नेतात. लॅपटॉप मस्त चालतो आहे, म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. शाळेचा लॉगिन निदान घरच्या, मुलं वापरतात त्या कॉम्प्युटरवर सेव्ह करू नये, असं माझं मत आहे.

आता अँटीव्हायरस जिथे कमी पडतो ते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो फाइल्सना कुलूप लावायचा आणि सोडवायला पैसे मागायचा. तो विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले, ज्यांनी "नंतर करू" म्हटलं ते अडकले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि त्याने तीच फट वापरली. तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचंही काम ठप्प झालं होतं. म्हणून बंद करताना 'अपडेट अँड शट डाऊन' दिसलं, की कंटाळा करू नका.

याच कारणाने विंडोज ७ वर बसलेल्यांना कुठलाच फुकटचा अँटीव्हायरस पुरा पडणार नाही. त्याची अपडेट्स जानेवारी २०२० मध्ये थांबली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यापुढे मुदतवाढीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. लॅपटॉप जुना असेल आणि विंडोज ११ घेत नसेल, तर उबंटू किंवा लिनक्स मिंट बसवायचा विचार करा. तेही फुकटच आहेत. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर चालतात, मग आपल्याला टायपिंग आणि इंटरनेटपुरतं जमायला काय हरकत आहे?

फाइल्सना कुलूप लावणाऱ्या व्हायरसवर डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' नावाची सोय आहे, 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मध्ये. ती मुळात बंद असते, आपण चालू करायची. त्यामुळे कधीकधी ओळखीचं सॉफ्टवेअरही अडतं, तेव्हा त्याला तिथूनच परवानगी द्यायची. पण एकदा कुलूप लागलंच, तर अँटीव्हायरस बहुधा फाइल परत आणून देऊ शकत नाही. फक्त दुसरीकडे ठेवलेली प्रत उपयोगी पडते. मी आता निकालाच्या दिवसांत रोज संध्याकाळी एक प्रत गूगल ड्राइव्हवर आणि एक कपाटातल्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवते. तो कपाटातला पेन ड्राइव्ह घराबाहेर जात नाही. प्रिंटसाठी दुसरा, त्यात फक्त त्या दिवसाची पीडीएफ.

ओटीपी सांगितल्यामुळे पैसे गेले, तर त्यातही अँटीव्हायरसचा दोष नाही आणि इलाजही नाही. तेव्हा लगेच १९३० वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

शेवटी, आपला शिपाईमामा खरंच जागा आहे का ते कसं बघायचं? त्यासाठी 'आयकार' नावाची एक चाचणी फाइल आहे. फक्त ६८ अक्षरांची, अजिबात धोका नसलेली. जगभरातले अँटीव्हायरस ठरवून तिला व्हायरससारखं पकडतात, शाळेत आग विझवण्याचं प्रात्यक्षिक घेतो तसं. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावर ती मिळते. उतरवून पाहा. डिफेंडर ती सेव्ह व्हायच्या आत किंवा झाल्या झाल्या उचलून बाजूला टाकेल आणि कोपऱ्यात सूचना येईल. सूचना आलीच नाही, तर पुन्हा 'विंडोज सिक्युरिटी' उघडा आणि त्या तीन गोष्टी तपासा. तरीही अडलं, तर खाली कमेंटमध्ये तुमचं विंडोज कोणतं आणि तिथे कुणाचं नाव दिसतं ते लिहा, शाळा सुटल्यावर उत्तर देते.